उष्ट्या हळदीचं अंग

हळद आधी नवऱ्याला लागते आणि त्याच्या अंगावरची उरलेली नवरीकडे जाते. ही पद्धत कुणी घातली आणि का, हे विचारायला गेलात तर दहा म्हाताऱ्या दहा कारणं सांगतील. केतकीच्या लग्नात कुणी विचारलंच नाही. सांगलीहून शिंत्र्यांची गाडी कऱ्हाडला आली. गाडी चालकाशिवाय आपली आपण दारात येऊन थांबली आणि नवऱ्याची, समरजितची बहीण धनश्री स्टीलचा डबा छातीशी धरून खाली उतरली.

"उष्टी हळद आली गं! जपून लावा, दादाच्या पाठीवरनं निपटून आणलीय."

बायका हसल्या. शिंत्रे म्हणजे तीन पिढ्यांचे हळदीचे व्यापारी, त्यामुळे डब्यातल्या हळदीचा रंगच वेगळा होता. पाच सुवासिनींनी आंब्याच्या पानांनी ती केतकीच्या कपाळाला, गालांना, दोन्ही हातांना लावली आणि मग पानं बाजूला ठेवून हातांनीच चोळायला सुरुवात केली.

"आत्या, चरचरतंय गं," केतकी म्हणाली.

"चरचरणारच की. काल सुया टोचून घेतल्यास, आज हळद लागली. जखमेला हळदच लावतात न्हवं?" शैलाआत्याने आणखी एक मूठ घेतली. सुयांची हौसही आत्याचीच. पार्लरवाली तिच्या ओळखीची होती आणि फोटोत चेहरा आणि हात उजळ दिसले पाहिजेत, असा तिचा हट्ट होता.

हळदीवर एवढा भरवसा फक्त आपणच ठेवतो. त्या भरवशानेच घात केला.

सुयांचं शास्त्र तसं सोपं आहे. त्वचा नवी करायची तर तिला फसवावं लागतं. केसाहून बारीक सुयांनी तिच्यात हजारो छिद्रं पाडायची, की शरीराला वाटतं आपण जखमी झालो. मग रक्त गोठवणाऱ्या चकत्या तिथे गोळा होतात, हाकाटी करतात, खालच्या थरातल्या विणकर पेशी जाग्या होतात आणि त्वचेला ताठ ठेवणारे धागे नव्याने विणायला बसतात. जखम भरत आली की त्वचेतूनच एक रासायनिक निरोप निघतो, 'पुरे', आणि विणकर थांबतात. काही आठवड्यांत फसवणूक संपते, चेहरा पुन्हा होता तसा होऊ लागतो आणि पार्लरवाली पुन्हा बोलावते.

ही ये-जा संपवण्यासाठी एका कंपनीने 'सोबती' काढला. त्वचेवर राहणारा एक साधा जिवाणू घेऊन त्याच्यात बदल केले आणि विरघळणाऱ्या सुयांतून तो त्या छिद्रांत पेरला. तो तिथेच राहतो, रोज थोडी खोटी जखम कळवतो आणि त्वचेने 'पुरे' म्हटलं की गप्प बसतो. आता हा 'पुरे' प्रत्येक माणसाच्या त्वचेत किंचित वेगळा असतो, म्हणून ज्याचा सोबती त्याच्याच त्वचेच्या तुकड्यावर वाढवायचा. दुसऱ्याच्या धडधाकट कातडीवर तो जगत नाही. घाम, टॉवेल, चुंबन, सगळं कंपनीने तपासून पाहिलं होतं. आपले लोक ऊठसूट हळद फासतात म्हणून हळदीने मरणार नाही असाच तो बनवला होता. पण एकाच्या अंगावरची हळद निपटून दुसऱ्याच्या अंगावर चोळतात, तेही त्या अंगाला आदल्या दिवशी सुया टोचलेल्या असताना, हे कंपनीतल्या कुणाच्या डोक्यात येणार!

समरजितने वर्षभरापूर्वी सोबती घेतला होता, मुरुमांचे खड्डे जावेत म्हणून. केतकीने घेतला नव्हता. "आहे ती कातडी बरी आहे," असं तिचं म्हणणं होतं.

ती मिरजेत मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. तिची बोटं दिवसभर बोलत असत. साखरपुड्यानंतर समरजित तिला जेवायला न्यायचा आणि नको नको म्हणताना ताटात वाढतच राहायचा, तेव्हा तिने त्याला वर्गातली एक खूण शिकवली होती. दोन्ही तळवे समोर, दहाही बोटं फाकलेली. म्हणजे पुरे. समरजित हसला होता आणि तरी आणखी एक चमचा श्रीखंड त्याने वाढलंच होतं. तिलाही तेव्हा हसू आलं होतं.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी तिच्या हातांची मेंदी गेली. फिकी नव्हे, गेलीच.

"अगंबाई! दादाचं प्रेम एवढंच का?" धनश्रीने चिडवलं. मेंदी जितकी रंगते तितकं नवऱ्याचं प्रेम, हे कुणाला माहीत नाही? केतकी लाजली, पण अंघोळीच्या वेळी तिने पाहिलं होतं. मेंदीचा पापुद्रा पाण्याबरोबर सुटून गेला होता आणि खाली लहान मुलीसारखी गुलाबी कातडी होती. सगळे म्हणाले, सून काय उजळलीय! सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

मग नाकातली चमकी दिसेनाशी झाली. आधी वाटलं पडली. आरशात नीट पाहिल्यावर नाकपुडीच्या कातडीखाली तिला एक बारीक उंचवटा लागला. चमकी आतच होती, वर कातडी आली होती. समरजितला दाखवलं तर त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "घाबरतीस कशाला? मी आहे ना."

हे तो मनापासून म्हणाला होता. तेव्हा.

आषाढ लागला. नव्या नवरीने आषाढात माहेरी जायचं असतं, म्हणून ती कऱ्हाडला आली. आईच्या हातचं खायचं, दुपारी लोळायचं, एवढाच विचार होता. पण माहेरी आल्यापासून चेहरा ताणल्यासारखा वाटू लागला. कानाची भोकं बुजली. आणि एका सकाळी जाग आली तेव्हा उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वेगळं होईना.

तिने ओढून पाहिलं. झोपेत चिकटली असतील, डिंक लागला असेल, असं काहीबाही मनाशी म्हणत खेचलं आणि ती किंचाळली. दोन बोटांच्या मध्ये पातळ, नवी कातडी होती. अगदी निरोगी कातडी. मध्ये रेघसुद्धा नव्हती.

"आई गं! आई!"

आई धावत आली आणि तो हात पाहून भिंतीला टेकली. आत्याने सवयीने हळदीचा डबा आणला. केतकीने का कोण जाणे, तो डबा दूर सारला.

समरजित दुपारी पोचला. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला आणि गाडीत मिरजेपर्यंत तसाच धरून ठेवला. दवाखान्यात हात सोडवला तेव्हा केतकीला दिसलं, त्याचा तळवा जिथे टेकला होता तिथे तिची त्वचा निवली होती. ताण नव्हता, लाली नव्हती. त्याच्या पंज्याच्या आकाराचा तुकडा तेवढा पूर्वीसारखा दिसत होता.

डॉक्टर परवीन मोमीन यांनी बोटं सोडवून टाके घातले, कातडीचा कण तपासला आणि दोघांना समोर बसवून घेतलं. बाई मुलखाच्या स्पष्ट.

"हा तुमच्या मिस्टरांचा सोबती आहे. तुमच्या अंगावर कसा आला?"

हळदीची गोष्ट ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे हळदीतून तो उघड्या छिद्रांत पेरलात की हो! आता ऐका. त्याला तुमच्या त्वचेचं 'पुरे' समजत नाही. त्याला फक्त ह्यांचं समजतं. त्यामुळे तो जखम जखम म्हणून ओरडत राहणार आणि तुमच्या पेशी विणत राहणार. शरीराला जिथं जिथं फट दिसेल तिथं ती बुजवायला बघणार. बोटांच्या मधली, कानाची, नाकाची."

"डोळ्यांची?" केतकीने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "पापण्यांचीसुद्धा."

"मारून टाका ना तो," समरजित म्हणाला.

"मारता येतो. पण तो त्वचेच्या विणीत जाऊन बसलाय. एकदम मारला तर चेहरा आणि हात भाजल्यासारखे सोलून निघतील. दुसरा रस्ता बरा आहे. तुमची चिमूटभर त्वचा द्या. तिच्यातलं 'पुरे' काढून मलम करता येईल. रोज लावलं की तो शांत राहील आणि सावकाश आपोआप मरेल. तोवर तुमचा स्पर्श हेच औषध. रोज सकाळी डोळ्यांवर, हातांवर तळवे ठेवा. पण त्वचा द्यायला उशीर करू नका."

"देतो की," समरजित म्हणाला. "एवढं काय त्यात."

सुरुवातीचे दिवस खरंच गोड होते. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याचे तळवे तिच्या पापण्यांवर येत. पापण्यांच्या कडा रात्रीतून जड झालेल्या असत, त्या हळूहळू हलक्या होत. मग तो तिच्या बोटांमध्ये बोटं घालून बसे. असा नवरा कुणाला मिळतो, असं सासूबाई शेजारी सांगत आणि ते खोटंही नव्हतं.

"आज दवाखान्यात जायचं का?" ती विचारायची.

"बघू. बाजार चढलाय, हलता येत नाही."

पुढच्या आठवड्यात गोडाऊनची डागडुजी निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने नुसतं हसून म्हटलं, "मलमाची एवढी घाई का? मी आहे ना."

तिने स्वतःची समजूत घातली. माणूस कामात असतो. पण एके दिवशी शाळेच्या सहलीचं निघालं, दोन मुक्काम होते, आणि तो जेवता जेवता म्हणाला, "जाऊन ये. पण सकाळी डोळे कोण उघडणार तुझे?" आवाजात राग नव्हता. तो बाजारभाव सांगावा तसा बोलला होता. ती सहलीला गेली नाही. पुढे कऱ्हाडला आईकडे जायचं राहिलं. मग शाळाच अर्धा दिवस झाली, कारण दुपारच्या जेवणाला ती घरी असावी असं त्याला वाटायचं, आणि त्याला वाटायचं ते व्हायचं.

त्याने कधी हात उगारला नाही. त्याची गरजच नव्हती. नुसता हात दिला नाही तरी पुरत होतं.

दसऱ्यानंतर तिने एकदा धीर करून स्पष्ट विचारलं. दोघं गच्चीत होते, खाली अंगणात सासूबाई वाती वळत होत्या.

"तू त्वचा देणार आहेस की नाही, ते एकदा सांग."

"न देऊन काय बिघडलंय तुझं? रोज करतोय न्हवं मी?"

"मला माझ्या पायांवर उभं राहायचंय, समर."

"म्हणजे मी नको झालोय." त्याने खरोखर दुखावल्यासारखं तोंड केलं. "हातात औषध आलं की निघालीस तू. मला काय कळत नाही होय?"

दुसऱ्या दिवशी तो निजामाबादच्या बाजाराला गेला. सांगून गेला नाही. सकाळी त्याची उशी रिकामी होती आणि बॅग जागेवर नव्हती.

पहिला दिवस तिने डोळे मिटायचेच नाहीत असं ठरवून काढला. बोटांच्या मध्ये कापसाचे बोळे घातले, कापूस कातडीत रुतू लागला तसे उपटून काढले. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या कोपऱ्यातून पापण्या शिवल्यासारख्या जवळ येऊ लागल्या. आरशात तिला आपले डोळे लहान झालेले दिसले. आधी वाटलं सूज असेल. मग बोट लावलं तर कोपऱ्यात फट उरलेलीच नव्हती. तिने फोन लावला. तो उचलत नव्हता. ती पुन्हा लावत राहिली. रिक्षा करून दवाखान्यात गेली असती, पण डॉक्टर काय करणार हे तिला ठाऊक होतं. कापणार, आणि उद्या ते पुन्हा जुळून येणार.

अखेर त्याने फोन घेतला. मागे बाजाराचा कलकलाट होता.

"समर, डोळे... माझे डोळे मिटायलेत. ये ना लवकर."

तो म्हणाला, "आता कळलं?"

रात्री उशिरा तो आला. तोवर तिला दारातून येणारी नुसती सावली दिसत होती, उजेडाची एक बारीक पट्टी उरली होती. त्याने तळवे तिच्या डोळ्यांवर ठेवले. तो हात निवांतपणे तसेच ठेवून बसला होता. हळूहळू पट्टी रुंद झाली आणि त्याचा चेहरा दिसला, आणि केतकीने त्याचे हात धरून त्यांच्यावर आपलं तोंड टेकवलं. ती रडत होती, थँक्यू थँक्यू म्हणत होती. हे आपण काय करतोय हे तिला कळत होतं तरी तोंड थांबत नव्हतं. डोळे मिटत होते तेव्हा ती एवढी घाबरली नव्हती, जेवढी स्वतःचा तो आवाज ऐकून घाबरली. आपण असंच म्हणत राहिलो तर एक दिवस आपल्याला हेच आवडायला लागेल.

दोन दिवसांनी तो सांगलीच्या बाजारात असताना ती एकटीच डॉक्टर मोमीनांकडे गेली. पापणीचा न सुटलेला कोपरा सोडवताना त्यांनी विचारलं, "दिली नाही ना अजून?"

"नाही देणार तो."

"मी जबरदस्तीनं घेऊ शकत नाही." त्या हात धुवत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "घाम, टॉवेल, ह्यातून पुरेसं मिळत नाही. वरचा थर लागतो, ताजा, पाठभर. आता बघा, माणसाच्या अंगावरून जे आपलं आपण निघून जातं ते कुणाचं, हे काही मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही काही आणलंत तर मी बघेन. एवढंच म्हणते."

केतकी विचार करत घरी आली. झोपलेल्या माणसाची पाठ कशी खरवडणार? दाराशी सासूबाई उन्हात दिवाळीचं उटणं वाळवत बसल्या होत्या. आंबेहळद, चंदन, कचोरा. ती पायरीवरच थांबली.

पाडव्याच्या पहाटे बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावायचं असतं. समरजित चौरंगावर उघडा बसला, खूश होता. केतकीने तेल जिरवलं, उटणं दुधात कालवलं आणि त्याची पाठ चोळायला घेतली.

"हळू की! कातडी काढतीस काय?" तो हसत म्हणाला.

"वर्षाचा सण आहे," ती म्हणाली. "मळ राहायला नको."

ती चोळत राहिली. उटण्याच्या गोळ्या होऊन पाठीवरून गळत होत्या, करड्या, ओलसर. खाली तिने परात सरकवून ठेवली होती. त्याने मागे वळून पाहिलं असतं तर विचारलं असतं, परात कशाला. तो वळला नाही. बायको पाठ चोळते आहे, त्यात बघायचं काय? न्हाणीघरात पाणी सोडल्याचा आवाज आला तशी ती परातीतलं गोळा करायला बसली. घाईत अर्धं जमिनीवर सांडलं.

मागे पावलं वाजली. सासूबाई उभ्या होत्या.

त्यांनी परातीकडे पाहिलं, सुनेच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या टाक्यांकडे पाहिलं. सासूबाई आत गेल्या आणि आता त्या मुलाला हाक मारणार, असं वाटून ती डोळे मिटून बसली. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. ज्यातून उष्टी हळद कऱ्हाडला गेली होती तोच.

"झाकण घट्ट लाव," त्या म्हणाल्या. "आणि ओवाळणीचं ताट आण, तो येईल आता."

डॉक्टरांकडे त्यातून मलम डबीभरच निघालं, सोबती मरेपर्यंत जेमतेम पुरेल एवढं. ते लागू पडेल का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. केतकीने ते आधी डाव्या हाताच्या दोनच बोटांना लावून पाहिलं आणि रात्री ती बोटं मुद्दाम एकत्र बांधून ठेवली. सकाळी सुतळी सोडताना तिला पाहवेना. तिने तोंड फिरवून बोटं हलवली. ती वेगळी झाली. सुतळीचा वळ तेवढा उठला होता, आणि तो वळही तिने आनंदाने कितीतरी वेळ पाहिला. वळ उठतो म्हणजे कातडी आपली आहे. मग डोळ्यांना लावलं, सगळ्या हातांना लावलं. समरजित रोज सकाळी तळवे ठेवत होता आणि ती निपचित पडून ठेवू देत होती. त्याला कळेल या धास्तीने तिचं काळीज धडधडायचं, पण धडधडणारं काळीज त्याला नवीन नव्हतं.

बॅग भरून झाली त्या सकाळी तो उठला तेव्हा ती खिडकीशी उभी होती. अंगावर शाळेची साडी होती, डोळे टक्क उघडे. झोपेतच त्याने हात पुढे केले.

"इकडे ये. एवढ्या लवकर उठून कशाला बसलीस? दिसतंय तरी का तुला?"

ती जवळ आली नाही.

"केतकी? ये की. मी आहे ना."

तिने दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले आणि दहाही बोटं फाकली. ती खूण त्याला ओळखीची होती. आधी तो जुन्या सवयीने हसला. मग त्याची नजर बोटांवर गेली. प्रत्येक दोन बोटांच्या मधून खिडकीतला उजेड येत होता.

त्याचे पुढे केलेले हात तसेच राहिले. ते कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. त्या घरात केतकी सोडून दुसऱ्या कुणाला भीती वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.

"पुरे," ती म्हणाली आणि बॅग उचलून जिना उतरली.